करशास्त्रातील साक्षात्कार

अर्थशास्त्रज्ञांचे एकमत ही धूमकेतूइतकी दुर्मिळ वस्तू. तथापि 2019 च्या जानेवारीत अमेरिकेतील 27 नोबेल-मानकऱ्यांनी कार्बनवर कर बसवावा म्हणून सह्या ठोकल्या, आणि तेथील काँग्रेसने तो अर्ज यथासांग दप्तरदाखल केला. त्यापूर्वीच, 2017 च्या कायद्याने, कंपन्यांवरील कर 35 टक्क्यांवरून 21 वर उतरला होता. परंतु त्याच कायद्याने धनाढ्य खासगी विद्यापीठांच्या गंगाजळीच्या उत्पन्नावर 1.4 टक्के पट्टी बसविताच, कर म्हणजे केवळ प्रोत्साहनांची फेरमांडणी असे आदल्या दिवसापर्यंत निर्विकार चित्ताने फळ्यावर रेखाटणाऱ्या एखाद्या प्राध्यापकमहाशयांना, खडू हाती असतानाच, विद्येच्या पावित्र्याचे स्मरण झाले असल्यास नवल नाही. 2025 च्या कायद्याने ही पट्टी कमाल 8 टक्क्यांवर चढविली. आलेख अद्याप फळ्यावर आहे, महाशय मात्र त्याकडे पाठ करून देणगीदारांना पत्रे लिहीत बसले असावेत.