बारा-तेरा कुणाकडे आहे?

पानेवाल्या भाऊंच्या हत्यारांची पेटी बघायला त्यांच्या घरी जाण्यात अर्थ नाही. पेटी घरी असते, हत्यारं गावभर असतात. रिंग पाने गणेश गल्लीमागच्या एका बुलेटवाल्याकडे, गोटी पान्यांचा डबा दादरच्या हिंदू कॉलनीत, नोज प्लायर गिरगावात मुगभाटात. आणि बारा-तेराचा पाना कुणाकडे आहे, हे ज्याच्याकडे आहे तोही आता विसरला असावा.

भाऊ ही व्यक्ती कमी आणि हुद्दा जास्त. ठाकूरद्वारपासून दादरपर्यंत दर दोन-चार गल्ल्यांमागे एक भाऊ सापडतोच. कुणी रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला, कुणी बेस्टच्या दादर वर्कशॉपमधला, कुणी 1982च्या संपात गिरणीच्या मेकॅनिक खात्यातून घरी बसलेला आणि बसल्या बसल्या शेजाऱ्यांच्या स्कूटरी खोलायला लागलेला. हल्ली बँकेतले भाऊही निघालेत. त्यांच्या दारात येझदी असते आणि नखांत ग्रीस असतं, तेवढ्यावर त्यांना हुद्दा मिळतो. मी सांगतोय ते लालबागचे, परळ वर्कशॉपवाले. 1879पासून चाललेल्या त्या कारखान्यात उमेदवारीपासून हात काळे केलेले. चेतकचा कार्बोरेटर ते दाढीला लावलेला साबण सुकायच्या आत खोलून, फुंकून, परत बसवतात.

उसनवारीचं हे प्रकरण वाढवलं ते स्कूटरनंच. बजाजची चेतक आली 1972 साली. मुलाच्या बारशाला नंबर लावावा आणि मुंजीला गाडी हातात यावी, असे ते दिवस. इतक्या नवसानं मिळालेली गाडी परक्या मेकॅनिकच्या हाती कोण देणार? मालक स्वतःच गाडीबरोबर मिळालेली रेक्झिनची थैली उघडून बसायचा. त्यात प्लग पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, दोन-तीन पाने. एवढ्यावर प्लग साफ होतो, स्टेपनी बदलते आणि आपल्याला गाडीतलं कळतं असा समज पक्का होतो. पुढे कधीतरी आतली कॉइल जाते. कॉइल बदलायची तर मॅग्नेट उतरवावा लागतो, आणि मॅग्नेटला पुलर लागतो.

पुलर दोन-तीन वर्षांतून एकदा लागणार. तो पैसे मोजून घेणारा माणूस एक तर मेकॅनिक असतो, नाहीतर भाऊ. ज्यांना मागायची लाज वाटते ते हातोडी-छन्नी घेऊन मॅग्नेटवर बसतात आणि त्याचे पंखे तोडतात. असे तुटके पंखे भाऊंनी खिडकीत रांगेनं मांडून ठेवलेत. कुणी पुलर मागायला संकोचला, की भाऊ नुसते खिडकीकडे बोट दाखवतात.

वर्कशॉपमध्ये शिस्त होती. टूलरूमच्या खिडकीवर आपला पितळी बिल्ला द्यायचा, तेव्हा हत्यार मिळायचं. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. निवृत्तीनंतर भाऊंनी हीच पद्धत चाळीत लावली. चाळकऱ्यांकडे बिल्ले कुठले असणार? म्हणून अनामत म्हणून एका पायातली चप्पल ठेवून घ्यायची असं ठरलं. पुढे सगळा पावसाळा भाऊंच्या दारात सहा नंबरची एक डाव्या पायाची चप्पल पडून होती. तिच्या मालकानं तोवर नवा जोड घेतला होता. पान्यापेक्षा चप्पल स्वस्त पडते, हा हिशेब भाऊंच्या लक्षात उशिरा आला.

मग आली वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. हत्यार, नाव, तारीख, आणि चौथा रकाना ‘काय म्हणाला’. हा रकाना वाचण्यासारखा आहे. ‘दोन मिनिटांत देतो.’ ‘संध्याकाळी नक्की.’ ‘भाऊ, मी काय पळून जातोय का?’ या शेवटच्या गृहस्थांनी पुढे बिऱ्हाड विरारला हलवलं. वहीत पाचवा रकानाही आहे, ‘परत आलं’. तो भाऊंनी फारच रुंद आखला होता. आता त्यात वहिनी दुधाचा हिशेब लिहितात.

वहिनींचा या व्यवहारात आणखी एक वाटा आहे. टापरियाचा आठ पान्यांचा संच सगळ्यांकडे सारखाच दिसतो. सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत तेच आकडे, तीच चकाकी. आपला ओळखायचा कसा? भाऊंनी प्रत्येक पान्याच्या दांड्यावर गुलाबी नेलपॉलिशचं वेढं दिलं. ‘माझ्या नखांना ठिपका उरत नाही, आणि यांचे पाने लग्नाला निघाल्यासारखे,’ असं वहिनी आल्यागेल्याला सांगतात. खुणेचा उपयोग मात्र होतो. परळ नाक्यावर कुणाच्या डिकीतून गुलाबी वेढ्याचा पाना डोकावला, की भाऊ त्याच्या मालकाला घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारतात. पाना सोडून बाकी सगळं विचारतात. समोरचा घामाघूम होतो आणि रात्री पाना दाराशी ठेवून जातो.

मागायला येणाऱ्यांतही पायऱ्या आहेत. आठवणीनं परत करणारा सज्जन अगदी तळाच्या पायरीवर. त्याच्याबद्दल भाऊंना सांगण्यासारखं काही नसतं. घेतलेलं हत्यार परस्पर दुसऱ्याला देणारा त्याच्या वर. सर्वांत वर मंडळाचे कार्यकर्ते. गणपतीला महिना उरला की ‘भाऊ, मांडवासाठी’ एवढे दोनच शब्द बोलून ते पकड, हातोडी, पाईप पाना, सगळं उचलून नेतात. त्यांचं नाव वहीत येत नाही. मंडळाला दिलेलं हत्यार ही वर्गणीच, त्याची पावती कसली मागायची?

पण भाऊंचं खरं रूप बघायचं तर त्यांच्याकडे काहीतरी मागून बघावं. गेल्या पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी एक पोरगा आला. दुसऱ्या दिवशी गिरगावच्या शोभायात्रेत त्याला आपली आरएक्स 100 काढायची होती. ही यामाहा 1996 सालीच बनायची थांबली, पोरगा त्यानंतरचा.

“भाऊ, चौदा-पंधरा मिळेल? आरसा बसवायचाय.”

“गाडी कुठाय?”

“खाली. दोन मिनिटांत आणून देतो.”

“चल, मी येतो.”

इथेच पोराचा चेहरा पडतो. भाऊ पाना देत नाहीत, पान्याबरोबर स्वतः येतात. खाली उतरून ते फुटपाथवर बूड टेकतात आणि पाना पोराच्याच हातात देतात. डावा आरसा बसला. उजवा काही केल्या धरेना. पोरगा जोर लावतोय, ओठ चावतोय; आरसा गोल गोल फिरतोय आणि चढत नाहीये. चार जण जमले. एकानं ‘आटे गेले’ असं जाहीर केलं, दुसऱ्यानं तेल सुचवलं, तिसऱ्यानं आरसाच डुप्लिकेट ठरवला. भाऊ शांत. सगळे दमल्यावर ते म्हणाले, “उलटा फिरव.”

यामाहाच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात. कशाला धडकून मागे ढकलला गेला तर तो सैल होऊन फिरावा, मोडू नये म्हणून. पोरानं उलटा फिरवला, आरसा सरसर बसला. आता पोरगा मोकळा, असं तुम्हाला वाटेल. छे! चेन सैल होती. ब्रेकची केबल सुकली होती. प्लग काढून बघितला तर काळाकुट्ट. “ऑइल किती टाकतोस रे?” इथून जे सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. मधे वहिनींकडून दोनदा चहा आला. तिसऱ्यांदा निरोप आला, तो चहाचा नव्हता.

मांडवासाठी गेलेली हत्यारं अनंत चतुर्दशीनंतर पांगतात आणि त्यांचा माग लागेनासा होतो. भाऊ तेव्हा काही बोलत नाहीत. ते थांबतात खंडेनवमीसाठी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. वर्कशॉपमध्ये असताना ती कधी चुकली नाही, घरीही चुकवत नाहीत. नवरात्राची घटस्थापना झाली, की भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून वसुलीला निघतात. ‘पूजेला पाहिजे’ म्हटल्यावर कुणाची ना म्हणायची हिंमत नसते. ज्यांनी वर्षभर ‘माझ्याकडे नाहीच’ म्हणून शपथा घेतल्या, त्यांच्याही माळ्यावरून गुलाबी वेढी खाली येतात. नवमीला पाटावर सगळं मांडलं जातं, रॉकेलनं पुसलेलं, हळद-कुंकू लावलेलं, वर दादरच्या बाजारातला झेंडू. पाटावर एक जागा मोकळी असते, अकरा आणि चौदाच्या मधली. भाऊ तिथे सुपारी ठेवतात.

नागदेवीला जाऊन नवा बारा-तेरा घ्यावा, तर तोही घेतला होता. तो नव्याण्णव टक्के जुन्याच्याच सोबतीला गेलाय. आणि दसऱ्याच्या दुपारी, हत्यारांवरचा झेंडू सुकायच्या आत, पाट पुन्हा रिकामा व्हायला लागतो. लोक सोनं द्यायला येतात आणि जाताना पाना घेऊन जातात.

शेजारच्या इमारतीतल्या एकानं मध्यंतरी विजेवरची चेतक आणली. 2020 साली बाजारात आली ती. भाऊ तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले.

“प्लग कुठाय?”

“नाही.”

“कार्बोरेटर?”

“नाही.”

“मग बिघडतं काय?”

“सॉफ्टवेअर.”

“त्याला किती नंबरचा पाना?”

उत्तर ऐकून भाऊ आठवडाभर गप्प होते. मग त्या गृहस्थांच्या नंबर प्लेटचा स्क्रू सैल झाला आणि भाऊंची तब्येत सुधारली.

तरी वाचकांपैकी कुणाकडे बारा-तेराचा टापरिया पाना असेल, दांड्यावर गुलाबी नेलपॉलिश असेल, तर यंदाच्या खंडेनवमीआधी आणून द्यावा. कधी नेला, इतकी वर्षं कुठे होता, असं कुणी विचारणार नाही. फक्त येताना बसनं या. गाडी घेऊन आलात तर रात्री अकराच्या आत सुटका नाही.