टाळेबंदीतील सोसायटी आणि तिचे फाटक

सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे रोजच्या बोलण्यातली सोसायटी, महाराष्ट्रात १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदली जाते. तिचा सेक्रेटरी रीतसर निवडून येतो असे कागदोपत्री म्हणता येते. प्रत्यक्षात जो सभासद सभेला गैरहजर असतो त्याच्या गळ्यात हे पद पडते. मार्च २०२० पर्यंत या पदाची सत्ता पाण्याची टाकी, बंद पडलेली लिफ्ट आणि दुसऱ्याच्या जागेत लावलेली स्कूटर यांपलीकडे गेलेली नव्हती.

राज्यात २३ मार्चला संचारबंदी जाहीर झाली आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. ज्यांनी साखरेच्या गाठी आधीच आणून ठेवल्या होत्या त्यांची गुढी सजली. बाकीच्यांनी कडुनिंबावर भागवले, तोही आवारात झाड असेल तर. केंद्र, राज्य आणि महापालिका यांनी आपापले नियम काढले. त्यांच्याखाली सोसायटी ही चौथी पातळी तयार झाली आणि तीच सर्वांत कडक निघाली.

सरकारने दूध, भाजी, किराणा चालू ठेवला होता. सोसायटीने तो फाटकापर्यंत चालू ठेवला. वॉचमनच्या टेबलावर वही, सॅनिटायझरची बाटली आणि पुढे कपाळावर रोखायची तापमान-बंदूक आली. एरवी ज्याला कोणी नमस्कार करत नसे, त्या वॉचमनला बाहेर जाण्याचे कारण सांगणे चेअरमनलाही भाग पडले. दुधाची पिशवी साबणाने, भाजी मिठाच्या पाण्याने आणि काही घरांत नोटा इस्त्रीने शुद्ध होऊ लागल्या. कचरा खाली नेऊन टाकणे हे पूर्वी घरातल्या सर्वांत धाकट्याचे काम होते. एप्रिलमध्ये त्यासाठी थोरल्यांत भांडणे होऊ लागली, कारण फाटकापर्यंत पाय मोकळे करण्याचा तो एकमेव बिनतक्रार मार्ग होता.

एप्रिलमध्ये राज्याने घरोघरी वर्तमानपत्र टाकण्यास मनाई केली आणि बातम्यांचा सारा भार सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. पहाटे काढ्याची कृती, दुपारी त्या काढ्याचे दुष्परिणाम आणि रात्री ‘बी विंगमध्ये कोण खोकले?’ असा तिथला क्रम असे. ५ एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटे दिवे मालवायचे होते. फक्त दिवेच मालवा, पंखे-फ्रिज चालू राहू द्या, असे वीज खात्याने बजावले होते. सोसायटीत तरीही कोणीतरी मेन स्विच पाडलाच आणि लिफ्ट बंद कशी, अशी तक्रार त्यानेच ग्रुपवर टाकली.

खरी उलथापालथ मात्र घराच्या आत झाली. कामाला येणाऱ्या बाई येईनाशा झाल्या आणि अनेक कर्त्या पुरुषांना कुकरच्या झाकणाची रबरी रिंग काढून धुवायची असते, हे पन्नाशीत कळले. फरशी पुसताना खोलीच्या दाराकडून सुरुवात केली तर माणूस आतल्या कोपऱ्यात अडकतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. चार माणसांच्या घरात दिवसाला चहाचे कप किती पडतात याची मोजदाद यापूर्वी झालेली नव्हती, कारण मोजणाऱ्या बाईंना कोणी विचारले नव्हते. बाईंच्या पगाराचा विषयही ग्रुपवर निघाला. न आलेल्या महिन्याचा पगार का द्यायचा, असे विचारणाऱ्यांत घरी बसून स्वतःचा पगार पुरेपूर घेणारे पुष्कळ होते. हेच सभासद पुढे बंदी उठताच ‘बाईंना आत सोडा’ म्हणून सेक्रेटरीच्या दारात उभे राहिले. तेव्हा कमिटी अडून बसली: बाईंमुळे संसर्ग येईल, असे तिचे म्हणणे. रोज ऑफिसला जाऊ लागलेल्या सभासदांमुळे तो येईल, हा मुद्दा सभेत निघाला नाही.

संध्याकाळी गच्ची हा एकच सार्वजनिक प्रदेश उरला होता, म्हणून तिला पहिल्याच आठवड्यात कुलूप लागले. तक्रारी वाढल्यावर विंगवार वेळा ठरल्या. आठ-आठ वर्षे शेजारी राहूनही नाव ठाऊक नसलेले लोक तिथे एकमेकांना सहा फुटांवरून ओळखू लागले, आणि पापड-कुरडयांच्या वाळवणासाठी त्यांच्यात वादही झाले.

केसांचा प्रश्न सर्वांत उशिरा सुटला. मधल्या तीन महिन्यांत बायकोने, मुलाने किंवा आरशाच्या भरवशावर स्वतः चालवलेल्या कात्रीचे परिणाम ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून झाकले जात. अखेर २८ जूनपासून राज्यात सलून उघडण्यास परवानगी मिळाली, पण फक्त केस कापण्यापुरती. दाढीला मनाई कायम होती. त्याबद्दल मात्र कोणत्याही सोसायटीच्या ग्रुपवर फारशी कुरकुर झाली नाही. दाढी मास्कखाली होती.