फाटक्या आवाजाची दुरुस्ती : स्वारगेट ते वेल्हे, व्हाया भोर

डिस्टॉर्शन पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये पायाशी ठेवायची डबी. सरळ आलेला आवाज फाडून पुढे पाठवायचा, एवढेच तिचे काम. आतला ट्रान्झिस्टर तारांकडून आलेला दुबळा सिग्नल अनेक पटींनी फुगवतो आणि उलटसुलट जोडलेले दोन डायोड त्याचे शेंडे साधारण ०.६ व्होल्टवर छाटतात. छाटणीमुळे मूळ सुराला नवे उपसूर फुटतात आणि गिटार गुरगुरू लागते. घरी जुळवलेल्या पेडलची अडचण अशी की ते नीट चालले आहे की बिघडले आहे, हे फक्त करणाऱ्यालाच कळते, आणि त्यालाही दर वेळी कळतेच असे नाही.

पुण्यातले असे पेडल तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांतून जन्माला येते आणि स्टीलच्या डब्यात राहायला जाते. डबा स्टीलचाच हवा. प्लास्टिकच्या डब्यातले पेडल आजूबाजूच्या लहरी गोळा करते, आणि ऐन सोलोच्या वेळी ७९२ किलोहर्ट्झवरून पुणे आकाशवाणी बोलू लागण्याचा संभव असतो.

स्वारगेटला एसटीत चढेपर्यंत पेडल उत्तम चालते. तोरण्याच्या पायथ्याशी मुक्काम, रात्री वादन, असा बेत असतो. चेलाडी फाट्यावर वेल्ह्याच्या गाडीची वाट पाहताना सहज म्हणून ते जोडले जाते, आणि आवाज बंद. इथे पहिला नियम : डबा उघडू नये. गिटार थेट अ‍ॅम्पला लावून बघावी. ती वाजली तर संशय बॅटरीवर घ्यावा. पेडलचा इनपुट जॅक हाच बॅटरीचा खटका असतो. पिन आत गेली की बॅटरी सुरू. पिन तशीच खुपसून ठेवलेले पेडल पिशवीतही इमानाने चालू राहते आणि तासन्‌तास कुणालाही ऐकू न जाणारी मैफल करते. बॅटरीची दोन्ही टोके जिभेला लावल्यावर झिणझिण्या आल्या नाहीत, तर निदान पक्के. फाट्यावरच्या दुकानात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मिळेलच असे नाही, पेन्सिल सेल मात्र हमखास मिळतात. दीडचे सहा एकापुढे एक जोडले की नऊ होतात. रबरबँड दुकानदार देतो.

आता आवाज येतो, पण तुटक. मध्येच खर्र, मध्येच शांत. कुठेतरी डाग सुटलेला असतो आणि डाग द्यायला सोल्डरिंगची कांडी हवी. मोठी बाजारपेठ भोरला, म्हणून वेल्ह्याची गाडी सोडून कापूरहोळमार्गे भोर. नेकलेस पॉइंटला गाडीतली सगळी मंडळी नीरेचे वळण पाहतात. पेडलवाला डब्यात पाहतो.

बाजारपेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिस्त्री पेडल स्वतःच्या अ‍ॅम्पला लावून, डोळे मिटून ऐकतात.

"आवाज फाटतोय की हो."

"फाटायलाच पाहिजे, काका."

काकांना हे पटत नाही, आणि त्यांचे चूकही नाही. सप्ताहातल्या कर्ण्यांचा फाटका आवाज साफ करण्यात त्यांची उमर गेलेली. चहा येईपर्यंत दोन्ही डायोड बाहेर निघतात, आवाज मोठा आणि बराच स्वच्छ होतो. काढलेला माल काका प्रामाणिकपणे कागदाच्या पुडीत बांधून हातावर ठेवतात.

पेडलमध्ये हा आवाज आला तोच मुळी बिघाडातून. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या गाण्याच्या नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणात मिक्सरमधला एक भाग नादुरुस्त झाला आणि बेस गिटार घोगरली. लोकांना ती आवडली, आणि पुढच्याच वर्षी तसा आवाज मुद्दाम काढणारी डबी बाजारात आली. लंडनचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने १९६४च्या सुमारास अशाच आवाजासाठी स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. त्या दिवशी नॅशव्हिलला भोरचे काका असते, तर मिक्सर चहा येईपर्यंत दुरुस्त झाला असता आणि हे सगळेच टळले असते.

डायोड परत बसवून मागितले की काका चष्म्यावरून पाहतात. मग खणातून जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतले दोन ओए ७९ शोधून काढतात. हे जर्मेनियमचे, ०.३ व्होल्टच्या आसपासच छाटू लागणारे. "ह्यानं जरा मऊ फाटंल," काका म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या हे अचूक आहे.

परतीला पुन्हा कापूरहोळ, पुन्हा चेलाडी, मग मार्गासनी, विंझर आणि वेल्हे. सरकारदरबारी तालुका आता राजगड झाला असला, तरी गाडीत तिकीट वेल्ह्याचेच मागतात. समोर १४०३ मीटरचा तोरणा. आणि पेडल मघासारखेच तुटक, कारण मूळ दुखण्याला भोरला कुणी हातच लावलेला नसतो.

आता मात्र मल्टिमीटर. ट्रान्झिस्टर बीसी ५४७ असेल तर सपाट बाजू आपल्याकडे धरून डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टू-एन ३९०४चे पाय बरोबर उलट क्रमाने असतात. नेटवरचा नकाशा एकाचा आणि हातातला माल दुसऱ्याचा, ही चूक फार जणांची. कलेक्टरवर साडेचारच्या आसपास व्होल्ट हवेत. पुरे नऊ दिसले तर ट्रान्झिस्टर झोपला आहे. एमिटरच्या पायावर लाकडी काडीने दाबावे. नऊचे साडेचार झाले, काडी उचलताच पुन्हा नऊ, तर चोर सापडला. टॉर्च तिरपा धरला की दिसते : चांगला डाग चकचकीत आणि पायथ्याशी पसरलेला, हा मात्र मळकट, गोळीसारखा, पायाभोवती केसाएवढी काळी चीर. तो जन्मतःच कच्चा. एसटीने फक्त उघडकीला आणला.

मुक्कामाच्या घरी कांडी नसते, चूल असते. शिसे-कथिलाचा डाग १८३ अंशांना वितळू लागतो. पोती शिवायचे दाभण निखाऱ्यात लाल करून, पकडीत धरून पायाला टेकवावे. पहिल्या खेपेला नुसता धूर होतो, दुसऱ्या खेपेला गोळी पाणी होऊन पसरते. थंड होईपर्यंत हलवू नये, फुंकरही मारू नये.

डब्याचे चार स्क्रू बसवताना एक उरतो, तो पुडीत ठेवावा. वाजवून झाले की झोपण्यापूर्वी जॅकमधली पिन काढावी.