रेफरन्सचे मामा

प्रत्येक घराण्यात एक फोन नंबर असा असतो, की कर्जाच्या अर्जावर ‘जवळच्या दोन नातेवाइकांची नावे’ हा रकाना आला की पेन आपोआप तिकडे वळतं. आमच्या घराण्यात तो नंबर साताऱ्याच्या आप्पामामांचा. मामांनी नंबर आयुष्यात बदललेला नाही, ते कायम घरी असतात आणि फोन पहिल्या रिंगला उचलतात. नातं टिकवायला एवढं पुरत नसेल, पण रेफरन्सला पुरतं. माझ्या फ्लॅटच्या कर्जाला मामाच, मावसभावाच्या ट्रॅक्टरला मामाच आणि धाकट्या मावशीच्या जावयाने हप्त्यावर घेतलेल्या फ्रिजलाही मामाच. या जावयाला मामांनी एकदाच पाहिलंय. लग्नात, पंगतीत, तेही पाठमोरं.

आपला हा लौकिक मामांना परवापरवापर्यंत ठाऊक नव्हता, कारण आम्ही सगळे मुकाट्यानं हप्ते भरत होतो. मग आमच्या बंट्यानं दगा दिला. बंट्या म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीचा, आक्काचा मुलगा. वाकडला राहतो, पगार बरा, पण महिन्याच्या अठरा तारखेनंतर तो पगार ऐतिहासिक होतो. त्यानं मोबाइलवरच्या पाच ॲपांवरून कर्ज काढलं. पहिलं फोनसाठी, दुसरं गोव्याला जाण्यासाठी आणि पुढची तीन आधीच्या दोन्हींचे हप्ते भरण्यासाठी. याची टोपी त्याला घालता घालता टोप्या संपल्या, आणि फोन साताऱ्यात वाजू लागला.

पहिला फोन मामींनी घेतला. पलीकडून हिंदीत कोणीतरी ‘आपके भांजे, आपके भांजे’ म्हणत होतं. “आम्हाला भांडी नकोत,” म्हणून मामींनी फोन ठेवून दिला. दुसरा फोन मामांनी घेतला, आणि एका मोठ्या धंद्याचे वाईट दिवस सुरू झाले.

कारण फोन करणाऱ्या पोरांना एक गोष्ट ठाऊक असणं शक्य नव्हतं. आप्पामामा एका सहकारी पतसंस्थेत २८ वर्षं वसुली अधिकारी होते. १०१ चा दाखला, जप्तीची नोटीस, पंचनामा, सातबाऱ्यावरचा बोजा हीच त्यांची बाराखडी. मार्च एंड आला की मामा घरी फक्त आंघोळीला यायचे. निवृत्तीनंतर या माणसाशी तगाद्याविषयी बोलायला कोणी उरलं नव्हतं. आणि आता रोज सकाळी आठपासून माणसं स्वतःच्या खर्चानं फोन करून तोच विषय काढत होती.

एक फोन मी स्वतः ऐकलाय. मामांनी स्पीकर लावला, वही उघडली, चष्मा पुसला.

“नमस्कार सर, राहुल बोलतोय, लोन डिपार्टमेंटमधून.”

“बोल राहुल. काल तुझा आवाज चिरका होता. घसा बसला होता का?”

“सर, काल दुसरे राहुल असतील.”

“असं होय. मग परवा?”

“सर, तुमच्या भाच्यानं पेमेंट केलेलं नाही. तुम्ही रेफरन्स आहात. आज तुम्हाला भरावं लागेल.”

“रेफरन्स की जामीनदार?”

“एकच ना, सर.”

मामांनी पेन खाली ठेवलं. हे त्यांचं मर्मस्थान. १९८७ साली ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते. सहकारी एका शनिवारी गावी जातो म्हणून गेला तो गेलाच, आणि मामांच्या पगारातून साडेपाच वर्षं कपात झाली. मामींनी त्या काळात केलेली एकही साडी मला आठवत नाही. तेव्हा जामीनदार या शब्दाचा अर्थ या घराला कोणी शिकवायला नको.

“बाळ, जामीनदाराची सही असते,” मामा म्हणाले. “त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हे १८७२ च्या करार कायद्यापासून चालत आलंय. माझी सही दाखव, आत्ता पैसे भरतो. रेफरन्स म्हणजे नुसता पत्ता सांगणारा. पोवई नाक्यावर तुला कोणी राजवाडा कुठंय विचारलं आणि तू हात केलास, म्हणून राजवाड्याची घरपट्टी तू भरणार का?”

राहुल गप्प. पण मामांना सूर लागला होता.

“बापाचं कर्जसुद्धा मुलगा देणं लागतो ते वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतं. मुंबई इलाख्यात १८६६ सालीच तसा कायदा झाला. त्यात तर असंही लिहिलंय, की विधवेशी लग्न केलं म्हणून तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही. लग्न करूनही जे लागू होत नाही, ते मला नुसता मामा असल्यामुळे कसं लागू होईल? सांग बघू.”

पलीकडे फोन कट झाला. मामांनी वहीत शेरा लिहिला, ‘आवाज खणखणीत. अभ्यास नाही.’

ही वही वाचण्यासारखी आहे. तारीख, वेळ, नंबर, सांगितलेलं नाव, खरं वाटणारं गाव आणि शेरा असे रकाने आखलेले. शेरे मामांच्या गोपनीय अहवालांच्या भाषेत. ‘धमकीला फार घाई केली.’ ‘मध्येच हसला, वसुलीत हसू नये.’ ‘ही मुलगी लातूरकडची. समोरच्याचं ऐकून घेते. टिकल्यास वर जाईल.’ त्या लातूरकडच्या मुलीला मामींनी एकदा फोनवर घसादुखीचा काढा सांगितला. दिवसभर बोलून तिचा घसा बसला होता. तिनं तो लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गुण आल्याचं सांगून पुन्हा हप्त्याची आठवण केली. मामा म्हणाले, याला म्हणतात तगादा.

टीव्हीशेजारी मामांनी रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाचा कागद लॅमिनेट करून लावला आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. एकदा सात वाजून दोन मिनिटांनी फोन आला. “दुकान बंद झालं,” मामा म्हणाले. पलीकडचा म्हणाला, त्याच्या घड्याळात अजून सातला तीन मिनिटं आहेत. मामांचं भिंतीवरचं घड्याळ गाडी चुकू नये म्हणून पाच मिनिटं पुढे असतं, हे खरं. पण ते कबूल करण्याऐवजी मामांनी घड्याळाच्या विषयावर तीन मिनिटं काढली, आणि मग म्हणाले, “आता तुझ्यातही वाजले. ठेव.”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका रविवारी त्या पाचांतल्या एका ॲपानं बंट्याच्या फोनमधल्या झाडून सगळ्या नंबरांना त्याचा फोटो पाठवला, खाली ‘चोर’ असं लिहून. सगळ्यांना म्हणजे बंट्याच्या साहेबांना, दूधवाल्याला, दाताच्या डॉक्टरला आणि आक्काच्या भजनी मंडळातल्या दोघींना. आक्का त्यानंतर आठ दिवस भजनाला गेली नाही. बोलवायला आलेल्या बायकांना तिनं गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

त्या दिवशी मामांनी फोनवर कोणाशी विनोद केला नाही. फुलस्केप कागद काढला आणि बंट्याला सातारला बोलावून समोर बसवून तक्रार लिहिली. कर्जदाराला चारचौघांत बेइज्जत करणं आणि त्याच्या घरच्यांना, मित्रांना, रेफरन्सवाल्यांना त्रास देणं याला त्याच परिपत्रकात मनाई आहे. कर्ज देणाऱ्या ॲपानं फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावायचा नाही, हेही सप्टेंबर २०२२ पासून ठरलेलं आहे. तक्रार आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे द्यायची, तीस दिवस वाट बघायची, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. मामांनी कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाला लाल गोल केला आणि शेजारी १४४४८ हा लोकपालाकडच्या चौकशीचा नंबर लिहिला. एकोणिसाव्या दिवशी कंपनीचं माफीपत्र आलं. इंग्रजीत होतं. मामांनी ते आक्काला मराठीत वाचून दाखवलं आणि भाषांतर करताना माफी जरा वाढवली. दुसऱ्या एका ॲपाला मात्र पत्ताच नव्हता, कंपनीही नव्हती. त्याच्यासाठी सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर फोन आणि पोलीस चौकी झाली. तिथे एक संबंध दुपार गेली, त्याविषयी मामा बोलत नाहीत.

मग श्रावणात एक पोरगा दारात आला. कराडचा, रेनकोटातून पाणी गळतंय, गळ्यात ओळखपत्र. बंट्या सापडत नाही म्हणून कंपनीनं त्याला मामाच्या घरी पाठवलं होतं. मामांनी ओळखपत्र पाहिलं, कंपनीचं अधिकारपत्र मागितलं, त्यातलं बंट्याच्या आडनावाचं शुद्धलेखन सुधारलं आणि त्याला आत घेतलं. मामींनी पोहे केले.

“धरणं माहितेय का तुला?” मामांनी विचारलं.

“कोयनेचं?”

“ते नव्हे. पूर्वी सावकार कर्जदाराच्या दारात धरणं धरून बसायचा. स्वतः उपाशी. दारात माणूस उपाशी म्हटल्यावर घरातल्यांनाही घास गिळता यायचा नाही. देवाचा कोप होईल ही भीती. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत उदाहरणादाखल धरण्याचं नाव घालून हा गुन्हा ठरवला, एवढा त्याचा धाक. आणि तू? तू पोहे खातोयस.”

पोरानं हातातला चमचा थांबवला. “खा, खा,” मामा म्हणाले. “इथून धावडशी जवळ आहे. तिथल्या ब्रह्मेंद्रस्वामींना थोरल्या बाजीरावांनी सावकारांच्या पायी कपाळ झिजल्याचं रडगाणं लिहिलं होतं. अटकेची वाट मोकळी करून देणाऱ्यालाही देणेकरी सुटले नाहीत.” मामांची इथे जीभ घसरली. ज्याला कर्ज फेडायचं असतं तो देणेकरी, मागायला येतात ते घेणेकरी. मामींनी आतून ते दुरुस्त केलं. २८ वर्षांच्या नोकरीतही मामांनी ही चूक कधी केली नसावी. पोरगा तासभर बसला. महिन्याचं टार्गेट किती, पेट्रोल कोण देतं, शिव्या किती खाव्या लागतात, सगळं सांगून गेला. वसुली शून्य.

आता बंट्याचं. एजंटांच्या फोनला बंट्या घाबरत नव्हता, नंबर ब्लॉक करायचा. म्हणून मामांनी स्वतःचा तगादा सुरू केला. रोज संध्याकाळी सहा पंचावन्नला, म्हणजे नियमाच्या आत. धमकी नाही, उपदेश नाही. “आज काय जेवलास? कितीला पडलं?” बंट्या सांगायचा, मामा लिहून घ्यायचे, फोन ठेवायचे. मामाचा नंबर काही ब्लॉक करता येत नाही. पंधरा दिवसांत बंट्या डबा न्यायला लागला. दोन महिन्यांत त्यानं गाडी विकली. पाचांतलं शेवटचं कर्ज फिटायला चौदा महिने लागले, आणि थकबाकी नसल्याचा प्रत्येक दाखला मामांनी मूळ प्रतीत मागवून घेतला. मामांनी स्वतःचा एक रुपया घातला नाही. असं मामा म्हणतात. मामींना विचारलं तर त्या चहा टाकायला उठतात.

माझ्या फ्लॅटच्या कर्जालाही रेफरन्स तेच आहेत हे मी मामांना या सगळ्यात सांगितलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पैसे आहेत ना, ते मात्र दोनदा बघतो.

बंट्याचं प्रकरण मिटल्यावर फोन थांबले. मामा जरा उतरल्यासारखे दिसायला लागले. आठ वाजता फोन समोर घेऊन बसायचे, नऊला उठायचे. वही कपाटात गेली.

गेल्या सोमवारी सकाळी आठ वाजून एक मिनिटानं फोन वाजला. त्या कराडच्या पोरानं फिरतीसाठी नवी मोटरसायकल घेतली आहे, आणि तिचे दोन हप्ते थकलेत. अर्जावर मामांचा नंबर आहे. नात्याच्या रकान्यात त्यानं ‘मामा’ लिहिलंय.