ढील द्या, काका

आमच्या शनिवार पेठेला होड्या लाभत नाहीत. ज्या मोहिमेत 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाला जळालं, ती इंग्रजांना हाताशी धरून काढणारे नानासाहेब पेशवे याच पेठेतले. आणि शनिवारवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर मी रिमोटवर चालणारी शिडाची होडी बांधायला बसलो. शेजारचे काका जिन्यात थांबले. म्हणाले, ‘‘एकसष्टला कुठं होतास?’’ पानशेत धरण फुटलं त्या दिवशी, 12 जुलैला, दहा वर्षांचे काका शेजारच्या गच्चीवर अडकले होते.

थर्मोकोलबंदीनंतर माळ्यावर निवृत्त झालेलं गणपतीचं मखर होतं, त्यातून होडीचं अंग कोरलं. जोडायला पंक्चरचं सोल्युशन लावलं, तर थर्मोकोल तुपासारखा वितळला. मग फेव्हिकॉल, वर कागदाचे थर, त्यावर ऑइल पेंट. छत्रीच्या कापडाचं शीड, बांबूची डोलकाठी. पोटाखालच्या उभ्या पात्याला टायरवाल्याकडची शिशाची वजनं. तपकीर गल्लीतून दोन छोट्या सर्व्हो मोटरी आणल्या. एक सुकाणूला, दुसरी शिडाची दोरी ओढायला-सोडायला.

आमच्या वाड्याच्या हौदात होडी डाव्या कुशीवर झोपली. शिसं जरा उजवीकडे सरकवल्यावर शहाण्यासारखी उभी राहिली.

खरी परीक्षा पाषाण तलावावर झाली. कारण मुठेत एकतर घोटाभर पाणी, नाहीतर थेट विसर्गाची बातमी. तलावावर होडी सुकाणूला न जुमानता सारखी वाऱ्याकडे तोंड वळवी आणि शीड फडफडवत उभी राही. शिडाचा जोर पात्याच्या फार मागे पडत होता. डोलकाठी दीड सेंटीमीटर पुढे घेतली.

पुढच्या रविवारी काकाही आले. नाक आता ठिकाणावर होतं, पण वेग नव्हता. मी दोरी आवळली. होडी आडवी सरकू लागली. आणखी आवळली, तर आणखी आडवी.

‘‘अरे, ढील दे! पतंग कधी उडवला नाहीस का?’’ काका बाकावरून ओरडले.

दिली. शिडाची कड थरथरली. ती थरथर थांबेल इतपतच दोरी ओढली, एक बोटही जास्त नाही. होडी कलली आणि पाणी कापत निघाली.

नळाच्या वेळेपासून राजकारणापर्यंत, आमच्या पेठेत दोरी सैल सोडणं म्हणजे हार. मत आवळून धरायचं आणि आडवं सरकत राहायचं. वर वाऱ्यालाच नावं ठेवायची.

परतताना वारा समोरून होता. वाऱ्याच्या तोंडावर शीड चालत नाही, म्हणून होडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी तिरकी तिरकी आली. ‘‘आपल्या गल्ल्यांतून शिकलेली दिसते,’’ काका म्हणाले आणि त्यांनी रिमोटसाठी हात पुढे केला.

हातात येताच त्यांनी दोरी कचकन आवळली. होडी आडवी सरकत थेट जलपर्णीत.

मी हळूच म्हटलं, ‘‘काका, ढील द्या.’’