कीफ्रेम कमी मार बे: नवशिक्यांसाठी

साहित्य: आफ्टर इफेक्ट्स नावाचं अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर कसंबसं ओढणारा एक कॉम्प्युटर, यूपीएस, टेबलफॅन, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाठीमागे खुर्ची ओढून बसलेलं एक गिऱ्हाईक. यातलं शेवटचं साहित्य विकत आणावं लागत नाही. ते रात्री साडेआठच्या सुमारास आपोआप येतं आणि म्हणतं, "मालक, उद्या दादांचा वाढदिवस हाय. बारकं काम हाय. नुसतं नाव फिरवायचं."

कृतीला लागण्याआधी कीफ्रेम म्हणजे काय ते समजून घ्या. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी येतं तो दिवस म्हणजे कीफ्रेम. पुढचं पाणी येतं तो दिवस दुसरी कीफ्रेम. मधल्या दिवसांचा हिशोब घरातलं बॅरल बघून घेतं. कॉम्प्युटर म्हणजे ते बॅरल. शून्य सेकंदाला नाव डावीकडे, दोन सेकंदांनी उजवीकडे, एवढंच त्याला सांगायचं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर मधल्या ४९ फ्रेममध्ये नाव कुठे कुठे असेल ते तोच काढतो. हाताने चित्रं काढायचे त्या काळी मुख्य कलाकार मोजकीच चित्रं काढी आणि मधली भरायला मदतनीस असत. दादासाहेब फाळक्यांना तीही सोय नव्हती. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्यापुढे महिनाभराहून जास्त कॅमेरा लावून 'अंकुराची वाढ' केली. फिल्म भरली मिनिटभर. आपल्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगू नये. ते म्हणेल, मग तुम्हाला रात्रभरात का जमंना?

पायरी पहिली. नाव निवडा, पी दाबा, घड्याळाच्या चित्रावर टिचकी मारा. की पडली. एक फ्रेम पुढे जा, नाव जरा सरकवा. दुसरी पडली. असं करत राहा. अर्ध्या तासात टाइमलाइनवर अंगणात ज्वारी वाळत घातल्यागत दिसेल आणि नाव तापाने फणफणल्यासारखं थरथरेल. अभिनंदन. सगळे नवशिके हेच करतात. आता सगळं निवडा आणि पुसून टाका.

पायरी पहिली, पुन्हा. दोनच की मारा.

पायरी दुसरी म्हणजे खरं तर बोटांचा व्यायाम आहे. यू दाबला की निवडलेल्या लेयरवरच्या सगळ्या की उघड्या पडतात. जे आणि के दाबून एकीवरून दुसरीवर उडी मारता येते. ऑल्ट धरून बाण दाबला की निवडलेली की एकेक फ्रेम सरकते. आणि गिऱ्हाईक "जरा फास्ट करा की" म्हणालं तर सगळ्या की निवडायच्या, ऑल्ट धरून शेवटची अलीकडे ओढायची. अख्खी माळ त्याच प्रमाणात आकसते. हे मात्र त्याच्यासमोर करू नये. एका ओढीत झालेल्या कामाचे पैसे आजवर कुणी दिल्याचं मला आठवत नाही. त्याला चहा सांगायला पाठवा, मग ओढा.

पायरी तिसरी, नंदीध्वज. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला गेला असाल तर सात नंदीध्वज निघतात ते पाहिले असतील. एवढा उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलणारा माणूस गचकन निघत नाही की गचकन थांबत नाही. पाय आधी हलतात, टोक मागाहून डुलतं. तुमचं नाव मात्र रिक्षाने ब्रेक मारावा तसं थांबतंय. दोन्ही की निवडा, एफ नाइन दाबा. सुरुवात आणि शेवट मऊ होईल. टोकाचं डुलणं हवं असेल तर ते वेगळ्या लेयरवर घ्या, खालच्याला जोडा आणि त्याच्या की दोन-तीन फ्रेम उशिरा ठेवा. याच्या पलीकडे ग्राफ एडिटर आहे. त्यात एकदा शिरलेला माणूस सकाळीच बाहेर येतो, म्हणून आज नको.

आता चौथी, आणि इथे भाकरी बाजूला ठेवा. दादांच्या भोवती दिव्यांची माळ अख्खं दीड मिनिट लुकलुकायला हवी आहे. नवशिका हिशोब करू लागतो, दीड मिनिट म्हणजे किती की? त्याला आजोबांकडे पाठवा. सोलापुरात कुणाचे तरी आजोबा मागावर असतातच. जकार्ड मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड, आणि भोकं ठरवतात कोणते उभे धागे उचलले जाणार. फ्रान्सच्या जाकारने १८०४च्या सुमाराला हे यंत्र केलं आणि आपल्याकडे त्यावर चादरीवरचे मोर निघाले. चादरीवर मोर कितीही असोत, कार्डं एकाच मोराची पाडतात. मग ती दोऱ्याने ओवून त्यांची दोन टोकं एकमेकांना बांधली की माळ फिरत राहते, मोर येत राहतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये याचं नाव लूपआउट. घड्याळावर ऑल्ट धरून टिचकी मारायची, तो शब्द आणि पुढे कंस लिहायचा, झालं. पहिली आणि शेवटची की तेवढी तंतोतंत सारखी ठेवा, नाहीतर सांध्यावर गचका बसतो. चादरीतही नक्षीचा सांधा चुकला की मोराची मान तुटते, आणि अशी चादर आजोबा घरात वापरायला काढायचे.

पाचवी पायरी रेंडरची. मे महिन्यात फॅन स्वतःकडे न करता कॉम्प्युटरकडे करावा.

सहावी रात्री साडेअकराला येते. दुसऱ्या गटाचं गिऱ्हाईक. त्यांच्याही दादांचा वाढदिवस उद्याच. घाबरू नका. नव्या दादांचा फोटो आत घ्या, जुन्या दादांचा लेयर निवडा आणि नवा फोटो ऑल्ट धरून त्यावर सोडा. माणूस बदलतो, सगळ्या की जागच्या जागी राहतात. नाव बदला, पाठीमागचा रंग बदला, रेंडरला लावा.

सकाळ झाली. सात रस्ता चौकातल्या पडद्यावर एक दादा डावीकडून येऊन मऊपणे थांबले. पार्क चौकात दुसरे दादा तसेच आले, तसेच थांबले, दिवेही तसेच लुकलुकले. दोघांच्याही माणसांनी जाताना एकच बजावलं होतं, "त्यांच्यापेक्षा भारी पायजे बघा."