सौ. पालाताई यांस, बाळंतपणाच्या वेळापत्रकाबाबत

सौ. पालाताई,
मुक्काम : अरबी समुद्र तथा बंगालचा उपसागर (पावसाळ्यात फिरतीवर)

विषय : बाळंतपणाला माहेरीच जाण्याचा आपला हट्ट.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहिणारा मी कोणी अधिकारी नव्हे. नळाला पाणी, घरात वीज आणि रविवारी ताटात मासा एवढ्या माफक अपेक्षेवर जगणारा एक लाभार्थी आहे. बंगाली तुम्हाला इलिश म्हणतात, सिंधी पल्लो, आमच्या कोळणी पाला. नावं भरपूर, कायमचा पत्ता मात्र नाही, हीच तुमच्या प्रकरणातली पहिली त्रुटी. जन्म गोड्या पाण्यातला, वाढ समुद्रातली, आणि दिवस भरत आले की पुन्हा नदी. तुमचा रहिवासी दाखला द्यायचा तरी कोणत्या तलाठ्यानं?

माहेरी जायची रीत आम्हालाही ठाऊक आहे. पण आमच्याकडच्या मुलीसुद्धा आता जवळच्या दवाखान्यात नाव घालतात. तुमचं मात्र पावसाळ्यात नदीला गढूळ लोंढा आला, मुखाशी खारेपणा कमी झाला, की चालू पडायचं. गंगेतून तुम्ही पूर्वी प्रयाग, कानपूर, अगदी आग्र्यापर्यंत जात होता म्हणे. पोटात लाखांनी अंडी घेऊन, उलट्या प्रवाहात, शेकडो कोस! कोणा डॉक्टरचा सल्ला घेतला होता का?

सिंधूतल्या तुमच्या बहिणी तर याहून भाविक. त्या सक्करच्या पिराच्या दर्शनाला नदी चढून जातात, अशी सिंधकडची समजूत. 1932 मध्ये सक्करला बॅरेज झालं आणि त्यापुढची यात्रा संपली. 1955 मध्ये त्याच्याही खाली कोटरीला दुसरं झालं, तेव्हा सक्करही राहिलं. उल्हासनगरात सिंधी घरांतल्या झुलेलालच्या तसबिरीत देव तुमच्याच पाठीवर बसलेला दिसतो. पण बॅरेजच्या दाराशी देवाच्या वाहनालाही सवलत नाही, हे तुम्ही समजून घ्यायला हवं. कावेरीत 1934 ला मेट्टूर धरण झालं, पूर अडला, आणि खाली तिच्या कोल्लिडम फाट्यातही तुमची ये-जा रोडावली. आम्ही एकेका नदीवर नोटीस लावत आलो आहोत. वाचत नाही तुम्ही.

आता फराक्का. हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात आमची दूरदृष्टी विशेष दिसते. हुगळीत गाळ साचून कोलकाता बंदर बुजत चाललं होतं. तेव्हा गंगेवर फराक्क्याला सव्वादोन किलोमीटरचं बॅरेज बांधायचं, शंभरावर दरवाजे बसवायचे, सुमारे 38 किलोमीटरच्या कालव्यातून 40,000 क्यूसेक पाणी हुगळीकडे वळवायचं आणि गाळ समुद्रात धुऊन काढायचा, असा बेत ठरला. याने गाळ हटणार नाही, असं कपिल भट्टाचार्य नावाचे बंगालचेच एक अभियंते आधीपासून सांगत होते. असे लोक प्रत्येक खात्यात एखादे निघतातच. 1975 मध्ये बॅरेज सुरू झालं. बंदराला गाळउपसा आजही करावा लागतो, पण तो विषय तुमच्या अखत्यारीत येत नाही. तुमच्यापुरतं एवढंच की फराक्क्याच्या वर पाटणा, बक्सर, प्रयाग इथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तुम्ही येईनाशा झालात. त्यांनी तुमची वाट पाहिली, मग इतर मासे धरले, मग कित्येकांच्या मुलांनी शहराची गाडी धरली.

तुमची सोय पाहिलीच नाही, असा आरोप मात्र करू नका. माशांसाठी वेगळी दारं या बॅरेजला मुळातच ठेवली होती. तुम्ही ती वापरली नाहीत. आमचे अभियंते शिकले ती पुस्तकं सॅमनची; सॅमन उड्या मारत पायऱ्या चढतो. तुम्हाला उडी मारता येत नाही, हा तुमच्या शिक्षणातला दोष.

तरीही सरकारनं मन मोठं केलं. 2019 मध्ये जाहीर झालं की जहाजांसाठी जे नवं लॉक बांधलं जातंय, सुमारे 361 कोटींचं, त्याचं दार तुमच्यासाठी रोज आठ मीटर उघडेल. वेळ रात्री 1 ते पहाटे 5. त्या प्रहरी तुमची हालचाल जास्त असते, असं शास्त्रज्ञांनी पाहून ठेवलंय, म्हणजे वेळ अगदीच हवेतून काढलेली नाही. पण विचार करा. शंभरावर दरवाज्यांची नदी, त्यातलं एक दार, दिवसातले चार तास. बांगलादेशात आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास 22 दिवस मासेमारी बंद ठेवतात, कारण अंडी घालायला तुमची सर्वांत मोठी झुंबड तेव्हाच उडते. आमच्याकडे ती पौर्णिमा म्हणजे कोजागरी. आम्ही गच्चीवर मसाला दूध आटवत जागणार आणि तुम्ही फराक्क्याला रांगेत जागणार. पाच वाजून गेल्यावर आलेल्यांनी दुसऱ्या रात्री यावं.

एक गोष्ट मात्र या पत्रात कबूल केलेली बरी, कारण तुम्ही ती कुठे बोलणार नाही. दार उघडणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे ते पाणी. तुम्हाला निघायची वर्दी मिळते ती पुरामुळे, गढूळपणामुळे, बदललेल्या खारेपणामुळे. धरण नेमकं तेच पाठीमागे अडवून ठेवतं आणि मग ज्याची गरज असेल त्याच्या हिशोबानं सोडतं. कालव्याचं पाणी पिकाच्या पाळीनुसार, विजेचं पाणी संध्याकाळी दिवेलागणीला. तुमच्या पोटातल्या अंड्यांची पाळी कोणत्याच सिंचन समितीच्या बैठकीत येत नाही. शिवाय तुमची अंडी पाण्याहून जराशी जड. वाहत्या पाण्यात ती तरंगत राहतात आणि दिवसभराच्या आसपास फुटतात; साचलेल्या पाण्यात तळाला जातात, तिथे गाळ असतो. म्हणजे भिंत ओलांडून वर पोहोचलात तरी समोर नदीच हवी, तलाव चालत नाही. इतक्या अटी घालणाऱ्या बाळंतिणीचं कोण करणार?

नर्मदेचं तर ऐकाच. सरदार सरोवरात आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं गेली, त्यांची पत्रं अजून वेगवेगळ्या कचेऱ्यांत फिरत आहेत, तेव्हा तुमचं प्रकरण जरा मागे पडलं तर रागवू नका. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे पूर्ण लागले. वरून पाणी कमी झालं तसा समुद्र भरूचच्या अंगणात शिरला, नदी खारी झाली, विहिरी खारावल्या. आता या समुद्राला रोखायला नदीच्या तोंडाजवळ भाडभूतला बॅरेज बांधण्याचं काम चाललंय. आधी पाणी अडवायचं, त्यामुळे आलेला समुद्र अडवायचा, आणि पुढे जे अडेल ते अडेल. पावसाळ्यात तुमच्या भरवशावर वर्षाची बेगमी करणारे तिथले मच्छीमार या बॅरेजविरुद्ध मोर्चे काढतात. त्यांना तुमच्याकडून फूस आहे, अशी दाट शंका आहे.

अनुकरण करायचंच तर उकाईतल्या तुमच्या भगिनींचं करा. तापीवर धरण झालं, वरच्या अंगाला अडकल्या, तर कुरकुर न करता जलाशयातच संसार थाटला. समुद्र सोडला, पण भिंतीशी वाद घातला नाही. हल्ली गंगेत तुमच्यातल्या काहींना फराक्क्याच्या खाली पकडतात, अंगावर खूणचिठ्ठी लावतात आणि वर नेऊन सोडतात. माहेरी पोहोचवण्याची एवढी सरकारी सोय आमच्या लेकींनाही मिळत नाही. परतीचं तेवढं तुमचं तुम्ही बघा. पिल्लांनाही काही महिने गोड्या पाण्यात वाढून मग समुद्र गाठायचा आहे, आणि उतरणीलाही तीच दारं आहेत.

तरी या पावसाळ्यात आपण पुढीलपैकी एक ठरवून कळवावं : अंडी खाऱ्या पाण्यात घालायला शिकणार, उडी मारायला शिकणार, की पहाटेच्या रांगेत उभ्या राहणार. उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असं समजून पुढच्या बॅरेजची निविदा निघेल.

कळावे,
आपला,
एक वीज-पाणी-मासळी लाभार्थी

ता. क. दाराशी पोहोचल्यावर बंद दिसलं तर फार वेळ घुटमळू नका. खालच्या अंगाला जाळी लावून मंडळी बसलेली असतात. अर्थात तसं झालं तरी वाया काही जाणार नाही. आमच्या घरी गाभोळी सगळ्यांनाच आवडते.